पुस्तक मिटल्यावर सुरू होतो तो अभ्यास: विद्यापीठाच्या परीक्षेची तयारी कशी करावी

परीक्षा जवळ आली की बहुतेक जण पुस्तक उघडून वाचायला बसतात. पहिलं वाचन, दुसरं वाचन, मग हायलाइटर घेऊन तिसरं. पदवीच्या पहिल्या वर्षी मीही असाच अभ्यास केला. एका विषयाचं पुस्तक तीनदा वाचून झालं होतं, पानंच्या पानं पिवळी झाली होती. पेपरात त्यातलाच प्रश्न आला. उत्तर डाव्या पानावर, आकृतीच्या बरोबर वर आहे, इथपर्यंत आठवलं. तिथे लिहिलं काय होतं, ते मात्र काही केल्या आठवेना. पानं ओळखीची झाली होती, विषय झाला नव्हता.

समोर दिसलेलं ओळखणं आणि समोर काहीच नसताना आठवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. परीक्षेत दुसरं करावं लागतं आणि आपण सराव पहिल्याचा करतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग मला म्हणूनच फार महत्त्वाचा वाटतो. एका गटाने एक उतारा चार सत्रं पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेली तीन सत्रं उतारा न पाहता आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि लिहिणाऱ्यांकडे ६१. आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाटत होतं ते मात्र वाचणाऱ्यांनाच. रात्री वाचताना “सगळं येतंय” असं वाटतं आणि पेपरात हात थांबतो, त्याचं मूळ इथे आहे.

पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीभोवती रचलेली आहे. परीक्षेला साधारण सहा आठवडे आहेत असं धरलं आहे. दिवस कमी असतील त्यांच्यासाठी वेगळा भाग पुढे आहे.

पायरी १: आधी पेपर वाचा, मग पुस्तक

अभ्यासाला बसण्याआधी दोन-तीन तास फक्त यासाठी ठेवा. विषयाचा अधिकृत अभ्यासक्रम मिळवा आणि प्रत्येक युनिटला किती गुण आहेत ते त्यावरच लिहा. मग गेल्या चार-पाच वर्षांचे जुने पेपर घ्या. त्याआधी एक खात्री करा: मधल्या काळात अभ्यासक्रम किंवा पेपरचा आराखडा बदलला आहे का? बदलला असेल तर त्याआधीचे पेपर सरावाला चालतील, अंदाज बांधायला चालणार नाहीत.

आता एका मोठ्या कागदावर तक्ता करा. उभ्या रांगेत सगळे टॉपिक, आडव्या रांगेत वर्षं. जो टॉपिक ज्या वर्षी आला त्या चौकटीत त्याचे गुण लिहा. अर्ध्या तासात विषयाचा चेहरा दिसायला लागतो. काही टॉपिक दरवर्षी मोठ्या प्रश्नात येतात, काहींवर फक्त टीपा विचारल्या जातात, काही एकाआड एक वर्ष डोकावतात. कोणत्या टॉपिकला किती वेळ द्यायचा ते या तक्त्यावरून ठरवा. “गेल्या वर्षी आला म्हणजे यंदा येणार नाही” असला हिशोब मात्र त्यावरून करू नका.

ऑप्शनला टाकण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नुकसान बहुतेक वेळा इथे होतं. समजा पाच युनिट आहेत, प्रत्येकावर एक प्रश्न आहे आणि कोणतेही चार सोडवायचे आहेत. एक युनिट ऑप्शनला टाकलं की पेपर हातात येण्याआधीच तुमची निवड संपलेली असते. उरलेल्या चारपैकी एक प्रश्न अवघड निघाला तरी तोच लिहावा लागतो. शिवाय एकाच प्रश्नात दोन युनिट मिसळलेली असली तर तोही अर्धा हातचा जातो. म्हणून एखादं युनिट सोडायचंच झालं तर पूर्ण सोडू नका. त्यातल्या व्याख्या, मुख्य आकृती आणि एखाद्या टिपेपुरतं तरी करून ठेवा.

जुन्या पेपरांत आणखी एक गोष्ट पाहायची ती म्हणजे प्रश्नातलं क्रियापद. “व्याख्या द्या”, “स्पष्ट करा”, “फरक सांगा”, “सोदाहरण चर्चा करा”, “टीकात्मक परीक्षण करा” ही एकाच उत्तराची वेगवेगळी नावं नाहीत. फरक विचारला असताना दोन्ही गोष्टींची स्वतंत्र माहिती लिहिली तर ती कितीही अचूक असो, गुण अर्धेच. टीकात्मक परीक्षणात बाजूचे आणि विरुद्धचे मुद्दे मांडून शेवटी तुमचं मत यावं लागतं. तक्त्यात गुणांशेजारी हे क्रियापदही टिपून ठेवा.

पायरी २: उलटं मोजून वेळापत्रक

शेवटच्या पेपरपासून मागे मोजत या. ४२ दिवस आहेत, आठवड्यातले सहा दिवस, रोज खरोखर बसता येतील असे चार तास. एकूण १४४ तास झाले. त्यातले ३६ तास आत्ताच बाजूला काढून ठेवा. आजारपण, घरचं काम, एखाद्या टॉपिकने खाल्लेला जास्तीचा दिवस, हे सगळं त्यातून भागेल. उरलेले १०८ तास विषयांत वाटा, पण समान वाटू नका. जो विषय नकोसा वाटतो त्याला सगळ्यात जास्त तास द्या आणि ते डोकं ताजं असतानाचे द्या.

वेळापत्रकात “अर्थशास्त्र, दोन तास” असं लिहू नका. दोन तास पुस्तक समोर ठेवून बसलं की तेही पूर्ण झाल्यासारखं वाटतं. “मागणीची लवचिकता: पुस्तक मिटून दहा गुणांचं उत्तर” असं लिहा. झालं की नाही, यात मग शंकेला जागा राहत नाही.

एकच टॉपिक एका दिवशी सलग पाच तास करण्यापेक्षा तेच पाच तास वेगवेगळ्या दिवसांत विभागले तर जास्त टिकतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून आपण किती आणि किती वेगाने विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. विसरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो आणि मग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लवकर, पुढच्या लांबत जाणाऱ्या अंतराने. किती अंतर, यावर २००८ मध्ये १,३५० हून अधिक लोकांवर मोठा अभ्यास झाला. त्याचं सार असं की परीक्षा जितकी लांब तितकं दोन उजळण्यांमधलं अंतरही मोठं ठेवावं. आठवड्यावर परीक्षा असेल तर एक-दोन दिवसांचं, महिनाभर असेल तर साधारण आठवड्याचं.

मी हे असं करायचे: वहीच्या शेवटच्या पानावर टॉपिकची यादी आणि पुढे तारखांचे चार रकाने. आज शिकलेलं उद्या, मग चौथ्या दिवशी, मग दहा-बारा दिवसांनी, मग पेपरच्या आधी. उजळणी म्हणजे पुन्हा वाचन नव्हे. दहा-पंधरा मिनिटं कोऱ्या कागदावर लिहून पाहणं, एवढीच.

पायरी ३: कोरा कागद

सगळ्या अभ्यासाचा गाभा हा आहे, म्हणून एक टॉपिक अगदी जवळून पाहू.

मागणीची लवचिकता. धडा एकदा नीट वाचलात, समजून घेतलात. आता पुस्तक मिटून दुसरीकडे ठेवा. टेबलावर फक्त कागद, निळं पेन आणि घड्याळ. वर टॉपिकचं नाव लिहा आणि बारा मिनिटं लिहीत राहा. व्याख्या येते. सूत्र येतं: मागणीतल्या बदलाची टक्केवारी भागिले किमतीतल्या बदलाची टक्केवारी. उदाहरणही जमतं: किंमत १० टक्क्यांनी वाढली, मागणी २० टक्क्यांनी घटली, लवचिकता २. मग प्रकार. संपूर्ण लवचीक, संपूर्ण अलवचीक, जास्त लवचीक, कमी लवचीक... पाचवा? इथे हात थांबतो. पुस्तकाकडे लगेच जाऊ नका. एक-दोन मिनिटं ताण द्या. तो शोधण्याचा त्रास वाया जात नाही, आठवण त्यातूनच घट्ट होते. नाहीच आठवलं तर जागा रिकामी सोडा आणि पुढे जा. लवचिकतेवर परिणाम करणारे घटक सहा करून ठेवले होते, कागदावर तीनच आले.

वेळ संपली की पुस्तक उघडा आणि लाल पेनाने भर घाला. “एकक लवचीक” लाल, राहिलेले तीन घटक लाल. हा कागद जपून ठेवा. उद्याच्या उजळणीला अख्खा धडा वाचायचा नाही, आधी त्या लाल ओळी पाहायच्या आणि मग पुन्हा नवा कोरा कागद. तिसऱ्या-चौथ्या वेळेला लाल शाई जवळपास दिसेनाशी होते. विषय झाला, असं तेव्हा म्हणावं.

लिहून झाल्यावर स्वतःला “का?” विचारा. मिठाची मागणी कमी लवचीक का? त्याला जवळचा पर्याय नाही आणि उत्पन्नातला फार थोडा भाग त्यावर खर्च होतो म्हणून. हे उत्तर स्वतःच्या शब्दांत देता आलं की घटकांची यादी घोकावी लागत नाही, एकातून दुसरा घटक आपोआप निघतो. पाठांतर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. व्याख्या, कलमं, सूत्रं, सनावळ्या पाठच लागतात. पण समजण्याआधी केलेलं पाठांतर एक शब्द निसटला की पूर्ण कोसळतं.

अशा सुट्या तपशिलांसाठी छोटी कार्डं उत्तम. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सुचवलेली पेटीची पद्धत साधी आहे. पेटीत कप्पे करा. सगळी कार्डं पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. जे येत नाही त्याच्यावर वेळ आपोआप जास्त जातो. कार्डं स्वतः लिहा. दुसऱ्याची तयार कार्डं घेतली तर मुद्दा निवडण्याचं आणि तो थोडक्यात मांडण्याचं अर्धं काम हातून निसटतं.

गणिती विषय असतील तर

इथे कोऱ्या कागदाचं रूप थोडं बदलतं. सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी पटते आणि आपल्याला जमेल असं वाटतं. म्हणून उत्तरावर कागद झाका, पहिली पायरी स्वतः लिहा, मग कागद एक ओळ खाली सरकवून ताडून पाहा. अडलात तिथे “मला ही पायरी का सुचली नाही?” हे एका वाक्यात लिहून ठेवा. महिन्याभरात या वाक्यांची जी यादी तयार होते ती कोणत्याही गाइडपेक्षा मोलाची असते, कारण त्यात फक्त तुमच्या चुका असतात.

दुसरं म्हणजे प्रकार मिसळा. एका प्रकारची वीस उदाहरणं ओळीने सोडवली की पद्धत कोणती वापरायची हा प्रश्नच पडत नाही, आणि पेपरात तोच प्रश्न सगळ्यात आधी पडतो. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाच्या उदाहरणांवर हे तपासलं. सरावाच्या वेळी एकेक प्रकार ओळीने करणारे ८९ टक्के बरोबर होते, मिसळून करणारे ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा ओळीने करणारे २० टक्क्यांवर आले होते, मिसळून करणारे ६३ टक्क्यांवर. मिसळून सराव करताना चुका जास्त होतात, मन खट्टू होतं. तरी तोच करा.

पायरी ४: घड्याळ लावून पूर्ण पेपर

शेवटच्या दोन आठवड्यांत प्रत्येक विषयाचा किमान एक पेपर पूर्ण वेळ लावून, एका जागी बसून लिहा. १०० गुणांचा तीन तासांचा पेपर असेल तर हातात १८० मिनिटं आहेत. दहा मिनिटं प्रश्नपत्रिका वाचायला आणि निवडीला, पंधरा शेवटी तपासायला. राहिली १५५. म्हणजे एका गुणाला साधारण दीड मिनिट. पाच गुणांच्या टिपेला साडेसात मिनिटं, पंधरा गुणांच्या प्रश्नाला बावीस-तेवीस. हा आकडा तोंडपाठ असू द्या. आवडत्या प्रश्नावर चाळीस मिनिटं घालवून शेवटचा प्रश्न सोडणारे हुशार विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्या लांबलेल्या उत्तराने एखादा गुण वाढतो, सोडलेल्या प्रश्नाने पंधरा जातात. कोणत्याही उत्तरातले पहिले काही गुण सगळ्यात स्वस्त असतात. व्याख्या, आकृती, तीन मुद्दे लिहिले तरी मिळतात.

लिहून झालेला पेपर दुसऱ्या दिवशी लाल पेन घेऊन तपासा, शक्य असेल तर मित्र-मैत्रिणीशी अदलाबदल करून. तपासणाऱ्याला मुद्दा पहिल्या ओळीत सापडतो का? आकृतीला नावं दिली आहेत का? उपप्रश्नाचा क्रमांक बरोबर आहे का? तिसऱ्या तासाला अक्षर कुठे बिघडतं? बरेच दिवस टायपिंगच केलेल्या हाताला सलग तीन तास लिहिणं झेपत नाही. ही सवय पेपरात लागत नाही, आधीच लावावी लागते.

अभ्यासाची जागा, मोबाइल, सोबत

मोबाइल दुसऱ्या खोलीत. सायलेंटवर ठेवून भागत नाही. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पद्धत सुरुवातीला उपयोगी पडते, पुढे पन्नास-दहा करा. गटाने अभ्यास करायचा असेल तर आधी प्रत्येकाने एकट्याने करून यावं आणि एकत्र बसल्यावर एकमेकांना प्रश्न विचारावेत, समजावून सांगावं. एक सांगतो आणि चौघे ऐकतात, तेव्हा अभ्यास सांगणाऱ्याचाच होतो.

हाताशी पाचच दिवस असतील तर

घाबरून जाऊ नका, आणि पुस्तकही पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. जुन्या पेपरांचा तक्ता एका तासात करा. सगळ्यात जास्त गुणांचे आठ-दहा टॉपिक निवडा. प्रत्येकाचं एक वाचन, लगेच कोरा कागद, मग लाल पेन. संध्याकाळी त्या दिवसाचे कागद पुन्हा एकदा न पाहता लिहा. चौथ्या दिवशी नवीन काही घेऊ नका, एक पूर्ण पेपर लिहा. पाचव्या दिवशी फक्त लाल ओळी. राहिलेल्या टॉपिकच्या व्याख्या आणि आकृत्या मधल्या वेळांत. असं केलेलं आठवड्याभरात बरंचसं उडून जातं हे खरं, पण हा पेपर निभावतो.

आदल्या रात्री

झोपेतून वेळ काढू नका. जागेपणी जितका विसर पडतो त्यापेक्षा झोपेच्या तेवढ्याच तासांनंतर तो कमी पडतो, हे १९२४ मध्येच जेंकिन्स आणि डालेनबाख यांनी दाखवलं होतं. झोपेत मेंदू दिवसाचं शिकलेलं पक्कं करतो. त्यात रात्रभर जागलेल्या डोक्याला प्रश्न नीट वाचतासुद्धा येत नाही. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात, तेव्हा संध्याकाळनंतर ते टाळा. प्रत्येक विषयाचा एक पानी सारांश असू द्या, तोही न पाहता लिहिलेला. रात्री तेवढाच पाहा. हॉल तिकीट, ओळखपत्र, दोन पेनं, घड्याळ, कॅल्क्युलेटर चालत असेल तर तो, सगळं एका जागी ठेवा आणि पेपरची वेळ व बैठक क्रमांक पुन्हा एकदा बघा.

पेपर हातात आल्यावर

छातीत धडधड होतेच. ज्यांना फार होते त्यांनी घरून निघण्याआधी दहा मिनिटं कागदावर मनातली भीती जशीच्या तशी लिहून काढावी. २०११ मध्ये रामिरेझ आणि बायलॉक यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, परीक्षेची जास्त भीती वाटणाऱ्यांचे गुण अशा लिहिण्याने सुधारलेले दिसले. वर्गाबाहेर “तुझं ते झालं का?” विचारणाऱ्यांपासून मात्र लांब उभे राहा.

प्रश्नपत्रिका मिळाली की आधी सूचना वाचा, दरवर्षीच्याच असतील असं धरून चालू नका. मग सगळे प्रश्न. विसरण्याची भीती असलेली सूत्रं कच्च्या कामाच्या पानावर उतरवा. सगळ्यात चांगलं येणारं उत्तर आधी लिहा, पण ठरलेल्या मिनिटांतच. मोठ्या उत्तराआधी समासात पेन्सिलने पाच-सहा शब्दांत मुद्दे टिपा. त्याला एक मिनिट लागतं, आणि पाल्हाळ टळतं.

एखादं उत्तर अजिबात आठवत नसेल तर अर्धं पान रिकामं सोडून पुढच्या प्रश्नाला लागा. दुसरं काही लिहिताना ते बऱ्याचदा आपसूक वर येतं. वस्तुनिष्ठ प्रश्नांत “पहिलं उत्तर बदलू नये” असं सर्रास सांगतात. प्रत्यक्षात बदललेल्या उत्तरांत चुकीचं असलेलं बरोबर झाल्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. बदलण्यामागे कारण सापडलं असेल तर बिनधास्त बदला, नुसती धाकधूक असेल तर राहू द्या. शेवटच्या पंधरा मिनिटांत प्रश्नांचे क्रमांक, पुरवण्यांची संख्या आणि बैठक क्रमांक तपासा. मग सोडलेल्या अर्ध्या पानाकडे परत या.

बाहेर आल्यावर उत्तरं जुळवत उभे राहू नका. प्रश्नपत्रिका पिशवीत टाका, घरी जा, जेवा, तासभर झोपा. उठल्यावर पुढच्या विषयाचे लाल ओळींचे कागद काढा.